रिकामी वाघर

अर्जुनाच्या अठ्ठावीस मेंढरांतलं शेवटचं मेंढरू त्र्याहत्तरच्या माघात पडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे तो नेहमीसारखा उठला, काठी घेऊन दारात उभा राहिला आणि कुठं जायचं तेच त्याला कळेना.

आटपाडीच्या पलीकडं उजाड माळावर त्याची वस्ती. बापजाद्यांपासून धंदा चालण्याचा. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठ धरायचा आणि मिरगाच्या तोंडाला परत फिरायचं. महिनाभर एका जागी बसणं त्याला जन्मात ठाऊक नव्हतं.

आता दुष्काळी कामावर तो आणि बायको हरणाबाई खडी फोडत. हरणाबाई खाली मान घालून हातोडा चालवी. अर्जुना चार दगड फोडी, उठे, माळाकडं बघे, बसे, पुन्हा उठे. मुकादम ओरडे, "आरं, बूड टेकव की जरा!"

त्यातच लेक अंजना पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. चालताना भिंत धरायची. तिला मिरजेच्या दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, "अंगात रक्त नाही हिच्या. दूध, अंडी, मटण, काहीतरी पोटात जाऊ द्या."

"दूध-मटण आमच्या दारात चार पायांवर फिरत हुतं, सायेब," अर्जुना म्हणाला. "तुमी एक साल उशिरा सांगितलंसा."

घरी आल्यावर त्यानं खुंटीवरची वाघर काढली. वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायची दोरांची जाळी. कोंडायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती माघापासून धूळ खात पडली होती. ओढ्याच्या वाळूत अर्जुनानंच पिण्याच्या पाण्यासाठी झिरा काढला होता. पहाटे ससे तिथं पाण्याला येत. त्यानं बोराटीच्या दोन झुडपांमध्ये वाघर ताणली आणि वाऱ्याच्या उलट्या अंगाला दडून बसला.

पहिल्या सशाचा रस्सा अंजनानं वाटी चाटूनपुसून खाल्ला. त्या दिवशी अर्जुना कामावर शीळ घालत गेला. मटणाचा आनंद होताच, पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यानं कुणाला सांगितली नाही. माग बघणं, वारा हुंगणं, दबकत चालणं. मेलेले पाय पुन्हा जिते झाले होते.

बातमी आप्पासोच्या कानी गेली. आप्पासो मिलिटरीतून पेन्शनीत आलेला. सडकेला त्याचं हॉटेल होतं आणि ट्रकवाले तिथं जेवायला थांबत.

"सशानं काय हुतंय रं, अर्जुना?" तो म्हणाला. "हरीण आण. दोन पायली जुंधळा देतो."

"नगो आप्पासो. ती माझ्या मेंढरांसंगं चरल्यात. तोंडओळख हाय आमची."

अर्जुना परत फिरला. पण त्या आठवड्यात कामावर वाटायची सुकडी तीन दिवस आलीच नाही. चौथ्या दिवशी त्यानं वाघर उंच बांधली.

हरीण जाळीत अडकलं तेव्हा ओरडलं नाही. तो वाट बघत होता, मेंढरासारखं ओरडेल म्हणून. लोकर कातरताना मेंढरू दाबतात तसा त्यानं मानेवर गुडघा ठेवला आणि तोंड फिरवून काम उरकलं.

चैत सरेतोवर पाच झाली. घरात जोंधळा होता, अंजनाच्या गालावर थोडा रंग आला होता, आणि अर्जुना ताटात भाकरी तशीच सोडे. ताटावरनं उठून तो अंगणात येरझाऱ्या घाली.

"आनी किती?" हरणाबाईनं विचारलं.

"अंजी बाळंत हुस्तवर."

"आवं, पर माळ रिकामा झाला की!"

सहावं हरीण खांद्यावर असताना फॉरेस्टचा गार्ड समोर उभा राहिला. तोही हाडकुळाच. आधी तो झिऱ्याचं पाणी ओंजळीनं पोटभर प्याला, मग म्हणाला, "चल. शिकारबंदीचा कायदा झालाय."

"कवा?"

"गेल्या साली."

"मग इकडं कुणी सांगितलं न्हाई ते?"

 गार्डनं वाघर गुंडाळून अर्जुनाच्याच डोक्यावर दिली.

कोर्टाच्या आदल्या दिवशी आप्पासो भेटायला आला. "माझं नाव घिऊ नगंस गड्या. तुझ्या लेकीचं मी बगतो."

कोर्टात साहेबांनी विचारलं, "कुणाला दिलीस हरणं?"

"घरी खाल्ली."

"सगळी?"

"भूक लय हुती, सायेब."

महिन्याची कैद झाली आणि वाघर सरकारजमा झाली. सांगलीच्या तुरुंगात तो भिंतीपासून भिंतीपर्यंत फेऱ्या घाली. शेजारचा कैदी वैतागून म्हणाला, "गड्या, तुला मुंग्या लागल्यात का काय?"

आप्पासोनं पहिल्या आठवड्यात जोंधळा धाडला. नंतर माणूसही धाडला नाही. अंजनाला मुलगी झाली. मूठभर, पण जिती. घरात मात्र पीठ नव्हतं. बाजारच्या दिवशी, हॉटेल माणसांनी भरलेलं असताना, हरणाबाई थेट आत शिरली.

"आप्पासो, माझा धनी तुमचं नाव गिळून आत बसलाय. तुमी हरणं गिळून भाईर बसलाय. पाच कातडी तुमच्या माडीवर वाळत्यात. ती हितं आणून दावू का ह्या सगळ्यांस्नी?"

ट्रकवाल्यांचे हात ताटातच थांबले. आप्पासोचं तोंड पांढरं पडलं. घटकाभरात मागच्या दारानं जोंधळ्याचं पोतं निघालं. हॉटेलातला गडी ते वस्तीवर पोचवायला निघाला, तर हरणाबाईनं ते आपल्या डोक्यावर घेतलं. "भीक न्हाई ही," म्हणाली. "आमची हाय."

सुटून आल्यावर अर्जुनानं हे ऐकलं. त्यानं नातीला मांडीवर घेतलं. मग म्हणाला, "माझ्यानं न्हाई झालं आसतं ते."

"तुमी गप बसलासा म्हणून मला बोलावं लागलं," ती म्हणाली.

त्या साली पाऊस झाला. भावकीतल्या नानासोनं त्याला आपल्या कळपावर राखणीला ठेवलं. सालाला चार कोकरं आणि पोटाला भाकरी. दिवाळीनंतर अर्जुना पुन्हा चालू लागला. उंब्रजजवळ एका ऊस तुटलेल्या रानात खतासाठी कळप बसवायचं ठरलं, तर बांधावरून रानमालक म्हणाला, "काय रं, ससं-बिसं धरतोस का? पावनं आल्यात."

अर्जुना थांबला. पाटाकडंच्या ओल्या मातीत सशाचा ताजा माग होता. त्यानं तो मालकानं विचारायच्या आधीच पाहिला होता.

"औंदा न्हाई," तो म्हणाला. "औंदा पोटाला हाय."

"आनी फुडल्या साली?"

"फुडल्या सालाचं मी काय सांगू, मालक?"

मालक हसला. अर्जुनानं एकवार मागाकडं बघितलं आणि झपाझप चालायला लागला, इतका की मेंढरं मागं राहिली आणि नानासोला हाक मारून त्याला थांबवावं लागलं.