दादाची टाकी

दादाने गाडीचं सगळं करून ठेवलं होतं. पेट्रोलची टाकी तेवढी राहिली होती.

बरका या गावात त्याच्या ऑफिसातल्या एका ओमानी साहेबांचं खजुराचं शेत आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये तीन वर्षं, दर शुक्रवारी, तो ती गाडी जोडत होता. सुटे भाग खोक्यांतून बोटीने आले होते: लोखंडी सांगाडा, फायबरची बॉडी, दोन सीटा. इंजिन एका जुन्या जपानी गाडीचं. टाकी त्या संचात नव्हतीच. ज्याची त्याने करून घ्यायची. प्लॅस्टिकच्या कॅनमधून नळी लावून त्याने एकदा इंजिन चालू करून पाहिलं आणि मला व्हिडिओ पाठवला. मी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला. त्याच आठवड्यात ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत, त्याचं हृदय थांबलं.

गावी पुण्यानुमोदनाचा विधी उरकून वहिनी इथलं घर आवरायला परत आल्या. व्हिसा दादाच्या नोकरीवरचा, त्यामुळे हातात तीन आठवडे. अल मवालेहच्या फ्लॅटमध्ये त्या भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. शेडचं काय करायचं, असं मी विचारलं.

"भाऊजी, गाडी स्वतःच्या टाकीवर चालली तर तुम्ही ठेवा," त्या म्हणाल्या. "नाही तर मी असतानाच भंगारवाल्याला देऊन टाका. ती अर्धवट टाकून मी जाणार नाही."

मी शाळेत ग्रंथपाल. हाताचं काम म्हणजे पुस्तकांना कव्हरं घालणं. पण त्या दिवसांत मला एका जागी बसवत नव्हतं. पुस्तक उघडायचो ते उभ्यानेच, आणि चार ओळी झाल्या की पाणी प्यायला निघायचो. तहान नसायची. संध्याकाळी विनाकारण गाडी काढून एकाच राउंडअबाउटला तीनतीन वेळा वळसा घालायचो. टाकी करायची ठरल्यावर निदान कुठे जायचं ते ठरलं.

शेडच्या भिंतीवर दादाने काढलेली आकृती चिकटवलेली होती. मापं मिलिमीटरमध्ये. पुढची बाजू सीटच्या पाठीसारखी तिरकी. वर डाव्या कोपऱ्यात पेट्रोल भरायचं तोंड, शेजारी हवेची बारीक नळी, आत दोन आडवे पत्रे, पेट्रोल हिंदकळू नये म्हणून. कागदाच्या कडेला त्याच्या ग्रीसच्या बोटांचे ठसे. तो कागद खिशात घालून न्यायला मन होईना. मी पट्टी घेऊन त्याची स्वच्छ प्रत काढली. पहिली फाडली, दुसरीही फाडली. तिसरी घेऊन वेल्डरकडे गेलो.

वेल्डर सिंधुदुर्गातला. बरक्यात एका अर्बाबच्या, म्हणजे ओमानी मालकाच्या, गॅरेजमध्ये ॲल्युमिनियमचं वेल्डिंग करायचा. दादा वेल्डिंगचं सगळं त्याच्याकडूनच करून घ्यायचा. त्याने माझी आकृती उलटसुलट करून पाहिली.

"मास्तर, ह्यां तोंड डाव्या बाजूक कशाक? माका वाटता गाडयेक तां उजव्या बाजूक आसा."

"आकृतीत आहे तसंच करा."

"आदी पुठ्ठ्याची टाकी करून गाडयेर लावन बघूया. तुमचे भाऊ सगळा तसाच करीत."

"नको," मी म्हणालो. पुठ्ठा म्हटला की तो कुठेतरी कापणार, काहीतरी बदलणार. दादाच्या कागदावरची एकही रेघ मला हलू द्यायची नव्हती. "त्याने विचार करूनच काढलंय."

त्याने आकृती घडी करून खिशात घातली. गेलेल्या माणसाचं नाव काढल्यावर कोण वाद घालणार?

टाकी सुरेख झाली. वहिनींचं विमान चार दिवसांवर आलं होतं. शेडमध्ये मी आणि वेल्डरने टाकी उचलून सांगाड्यात बसवली. टाकीचं तोंड डावीकडे होतं आणि बॉडीतलं भोक उजवीकडे. फिरवून बसवावी तर पुढची तिरकी बाजू मागे जात होती. मी तिच्याभोवती फेऱ्या मारू लागलो, जणू चौथ्या फेरीला ती सरळ होणार होती. वेल्डर भिंतीजवळ गेला, दादाचा कागद काढला आणि तो हातात धरून गाडीखाली सरकला.

"मास्तर, हयसर येवा."

मी त्याच्या शेजारी उताणा झालो. त्याने कागद आमच्या तोंडावर धरला. डावी बाजू डावीकडे, उजवी उजवीकडे, सगळं बरोबर.

"तुमच्या भावान ह्यां चित्र खाली पडान काढल्यान हा. खालसून दिसता तसा." थोडं थांबून तो म्हणाला, "शाळेत पुस्तकां सांभाळतास ना? मगे चित्र खयसून बघूचा ता कळाक नाय?"

मला हसू आलं आणि तिथे खाली पडल्यापडल्या रडूही आलं. कागद माझ्या छातीवर ठेवून तो बाहेर सरकला. मी उठेपर्यंत त्याने टाकी सोडवून बाहेर काढली होती.

"पेट्रोल घातलास नाय ह्यां बरा," तो म्हणाला. "घातला असतास तर मी हेका परत वेल्डिंगची आग लावलंय नसतंय."

गॅरेजमध्ये परत नेऊन त्याने जुनं भोक तुकडा लावून बंद केलं आणि दुसऱ्या बाजूला नवं पाडलं. मग सगळी तोंडं बुचांनी बंद करून सायकलच्या पंपाने थोडी हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवलं. तुकड्याच्या कडेला बुडबुडा आला. पुन्हा वेल्डिंग. पुन्हा बुडबुडा, या वेळी बारीक. मी सारखं विचारत होतो, "आता?" शेवटी तो ओरडला, "यल्ला, भायर जावा तुमी! चाय पिवन येवा." चहा अर्धा टाकून परतलो तेव्हा साबणाचं पाणी नुसतं चमकत होतं.

शुक्रवारी सकाळी वहिनी आल्या. दुपारी यायला त्यांनी भंगारवाल्याला सांगूनही ठेवलं होतं. लायसन्सची परीक्षा त्या चौथ्या खेपेला पास झालेल्या. दादा त्यावरून त्यांना फार छळायचा. मी कॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं. किल्ली कोण फिरवणार, याचा मी विचारच केला नव्हता. त्या सरळ सीटवर जाऊन बसल्या.

दुसऱ्या प्रयत्नात इंजिन चालू झालं. खजुरांच्या रांगांमधून गाडी निघाली. मी मागून वाकून पळत होतो, टाकीतून थेंब पडतो का ते बघत. फाटकाजवळ वेल्डर हात पसरून उभा राहिला. "वैनी, भायर नको! नंबर नाय गाडयेक!" त्यांनी वळवली आणि आणखी एक फेरी मारली. मग आणखी एक.

गाडी माझ्यापाशी आणून थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"ब्रेक दाबला की डावीकडे ओढते. बघून घ्या."

मला धाप लागली होती. मी नुसती मान हलवली. त्यांनी पर्समधून फोन काढला, नंबर लावला आणि इंजिनाच्या आवाजावर ओरडून सांगितलं, "नहीं भैया, आप मत आइए. गाडी चालू है." पलीकडच्याला ऐकू गेलं नसावं. त्यांनी ते पुन्हा एकदा सांगितलं.