एकाच पेल्यातून

माझं पहिलं मूल चार महिन्यांचं असताना तापाने गेलं. नवापूरच्या बाजूला, गुजरातच्या हद्दीलगतच्या डोंगरात आमचा पाडा. माझा आणि नवऱ्याचा बाप्तिस्मा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं. सासू मात्र जुन्या रीतीचीच होती. ती भगताकडे गेली. त्याने दाणे टाकून पाहिले आणि सांगितलं, शेजारची विधवा डाकीण आहे, तिनेच पोर खाल्लं. मूल जायच्या दोन दिवस आधी तिने त्याला मांडीवर घेतलं होतं. मी तिला काकी म्हणायचे. ती आमच्याच ख्रिस्ती मंडळीतली.

भगताचं मानायचं नाही, हे मला शिकवलेलं होतं. पण रिकाम्या झोळीकडे पाहिलं की शिकवलेलं टिकत नसे. मी काकीशी बोलणं सोडलं.

पाळकसाहेब तीन-चार महिन्यांनी बैलगाडीने येत, आणि त्याच रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण, असे. पाव कुठला मिळायला! तांदळाची भाकरी मोडत, आणि द्राक्षारस म्हणून मनुका भिजवून उकळलेलं पाणी. पेला सगळ्यांना मिळून एकच.

त्या रविवारी मी उशिरा पोचले. बायका काकीपासून सरकून बसल्या होत्या, त्यामुळे जागा तिच्याशेजारीच उरली होती. पाळकसाहेब म्हणाले, "कोणाविषयी मनात काही असेल तर आधी ते बघा, मग हात पुढे करा."

पेला आला. काकी प्यायली, पदराने कड पुसली आणि माझ्यापुढे धरला. माझा हात पुढे होईना.

"नको घेऊ, पोरी," ती हळूच म्हणाली. "मी पुढे देते."

पलीकडच्या बाईने तोंड फिरवलं. पेला तसाच काकीच्या हातात राहिला. माझ्या तोंडून निघून गेलं, "काकी, माझ्या पोराला तू काय केलंस?"

"त्याचं अंग गरम लागलं. मी तुला तेव्हाच सांगितलं होतं."

सांगितलं होतं. भात कापायचं राहिलं होतं, म्हणून मी त्याला झोळीत टाकून शेतावर गेले होते. ते मला स्वतःशी कबूल करता येत नव्हतं, म्हणून इतके दिवस मी भगताचं बोलणं धरून बसले होते.

मी पेला घेतला आणि प्यायले. मग रडू आवरेना. काकीने माझ्या पाठीवर हात ठेवला.

पाड्याने तिला लगेच जवळ केलं असं नाही. तोंड फिरवणारी ती बाई पुढे प्रार्थनेला यायचीच बंद झाली. सासू कित्येक दिवस माझ्या हातचं जेवली नाही. मी मात्र दुसऱ्या दिवसापासून काकीबरोबर पाण्याला जाऊ लागले. वाटेत आम्ही बाळाविषयी बोलायचो. त्याच्याविषयी माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं.