सुजाताची चौकशी

मुलांनो, ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितली नाही. तुमच्या बाबांना तर नाहीच. इतकी वर्षं नीट घडी घालून ठेवली होती — पण ठेवली म्हणजे विसरले, असं थोडंच आहे?

बाबांना अणुभट्टीत नोकरी कशी लागली, असं तुम्ही विचारता. ते म्हणतात, नशीब. प्रतीक्षा यादीतून नाव वर आलं. खरंच आहे ते. पण वर कसं आलं — ते फक्त मला ठाऊक आहे.

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाहेरच्या देशांनी मदत थांबवून बरीच वर्षं झाली होती. अणुभट्ट्या आता आपल्याच माणसांनी बांधायच्या, म्हणून सरकारी अणुवीज कंपनी बी.एस्सी. झालेल्या मुलांना प्रशिक्षणासाठी घेत होती. वर्ध्यातून तुमच्या बाबांनी परीक्षा दिली, आणि नालवाडीच्या सुजाताने. तिचे वडील रेल्वेत गँगमन. शाळेत ती माझी विद्यार्थिनी. दोघांचीही मुलाखतीची तयारी मीच करून घेतली, एकाच टेबलावर.

सुजाता निवडली गेली. तुमचे बाबा प्रतीक्षा यादीत पहिले.

तिची आई, यमुनाबाई, हसत सांगायला आली. "भट्टीवर चालली म्हणते पोरगी! घरी चूल पेटवता येत नाई इले, बाई."

मीही हसले. त्या दिवशी तुमचे बाबा जेवले नाहीत.

मग साध्या कपड्यांतला एक पोलीस घरी आला. अशा नोकरीआधी चारित्र्याची चौकशी होते. ओळखीची प्रतिष्ठित व्यक्ती म्हणून सुजाताने फॉर्मवर माझं नाव दिलं होतं — दुसरं कुणाचं देणार होती ती? चहा घेता घेता त्याने विचारलं, "बाई, मागच्या साली कचेरीवर मोर्चा गेलता, दगडफेक झालती. नालवाडीची बरीच पोरं होती. हे पोरगी होती काय त्यात?"

त्या दिवशी सुजाता कुठे होती? माझ्याकडे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत निबंध लिहीत बसली होती. घोषणा आम्ही दोघींनी खिडकीतून ऐकल्या होत्या.

मी म्हटलं, "असेल."

एवढंच. त्याने ते लिहून घेतलं.

सुजाताला नेमणुकीचं पत्र आलंच नाही. तुमच्या बाबांना आलं.

यमुनाबाई पुन्हा आल्या. "बाई, आमच्याच पोरीचं पत्र काऊन नाई आलं जी? तुमाले इंग्रजी येते. तुमीच लिहून पाहा त्याइले."

मी लिहिलं. मुद्देसूद, एकही चूक नसलेलं. तिचे गुण, तिची मेहनत — सगळं. फक्त मोर्चाच्या दिवशी ती माझ्या घरी होती, हे एक वाक्य लिहिलं नाही. लिहिलं असतं, तर माझा आधीचा शब्द खोटा ठरला असता. आणि तुमच्या बाबांची जागा...?

उत्तर आलं नाही. पत्र लिहून दिलं म्हणून यमुनाबाईंनी गावाकडच्या तुरीची डाळ आणून दिली. मी ती घेतली. शिजवली. आम्ही ती खाल्ली.

सुजाता तळेगावच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. भेटली की वाकून नमस्कार करते, आणि सोबतच्यांना सांगते — "आज मी जे काही आहे, ते या बाईंमुळे."

मी ऐकून घेते.