पोपटी घराचा नंबर

उभ्या खानदेशात बूड टेकून कधीच चहा न प्यायलेला माणूस एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघावा, हे माझं नशीब. अमळनेरहून पहिली एसटी पकडून हे गृहस्थ धुळ्याला यायचे आणि सकाळीच माझ्या दाराची बेल दाबायचे. हातात कप दिला की तो घेऊन घरभर फिरायचे. "दादा, बसा हो जरा," म्हटलं की "बसलोच आहे की!" असं जिन्यातून ओरडायचे, कारण तोवर ते गच्चीकडे निघालेले असायचे. रिकामा कप मग कधी तुळशीपाशी सापडायचा, कधी कपड्यांच्या कपाटात. एकदा दोंडाईच्याला लग्नासाठी म्हणून रेल्वेत बसले ते थेट नंदुरबारला उतरले. विचारलं, तर उलट मलाच म्हणाले, "चालू गाडीतून उतरायला जीव होतो का कुणाचा? ती दोंडाईच्याला थांबली, पण इतकी थोडी थांबली की मला ती थांबलीये असं वाटलंच नाही!" कप्पाळ माझं!

या भिरभिरेपणाला कारण होतं. बावीस वर्षं त्यांनी मस्कतकडे एका कंपनीत मेकॅनिकची नोकरी केली. वाळवंटात पाइप टाकायचं काम, पाइप पुढं सरकला की मुक्कामही पुढं. राहायला एक कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरची खोली: आत पलंग, ओटा, खिडकीला पडदे, आणि ओढायला पुढं दुसरी गाडी. त्या बावीस वर्षांत अक्का, म्हणजे माझी मेहुणी, अमळनेरच्या त्याच दोन खोल्यांत राहिली. नवरा वर्षातून एक महिना यायचा आणि त्यातले वीस दिवस अंगणात येरझाऱ्या घालायचा. अखेर कंपनीनं ती कॅराव्हॅन मोडीत काढली, तेव्हा साडूंचं काळीज फाटलं. नोकरी सोडून ते घरी आले आणि सोबत जहाजातून ती खोलीही घेऊन आले. लोक येताना खजूर आणतात, अत्तर आणतात. आमच्या साडूंनी घर आणलं.

आणलं खरं, पण रस्त्यावर काढायला नंबर नको? तीन वर्षं हा माणूस कागदांची पिशवी काखेत मारून हिंडत होता. बंदर झालं, कस्टम झालं, मुंबईची ऑफिसं झाली, मग आरटीओ. फॉर्मवर रकाना होता: इंजिन क्रमांक. यांनी लिहिलं, 'इंजिन नाही.' खिडकीतल्या बाईंनी चष्मा वर केला. "इंजिन नाही तर काका, ती गाडी कशी? घर असेल तर नगरपालिकेत जा." नगरपालिकेतला माणूस म्हणाला, "चाकं आहेत, आमच्याकडे कशाला आणता?" दुसरा एखादा असता तर हाय खाऊन बसला असता. साडू मात्र खूश! रोज कुठंतरी जायला मिळत होतं ना. शेवटी त्याच बाईंनी वाट काढून दिली: ट्रॅक्टरची ट्रॉली जशी ट्रेलर म्हणून नोंदतात, तशीच ही नोंदवायची. फक्त ओढायच्या लोखंडी दांड्यावर कोरलेला चेसिस नंबर, म्हणजे सांगाड्याचा क्रमांक, कागदांशी जुळला पाहिजे. अमळनेरला आरटीओचा कॅम्प लागेल, तिथं घेऊन या.

याच सुमाराला मस्कतहून फोन आला. कंपनीला जुना मेकॅनिक परत हवा होता, आणि पोळ्यापर्यंत कळवायचं होतं. साडू माझ्या स्वयंपाकघरात फेऱ्या मारत म्हणाले, "नंबर मिळाला तर हिला कॅराव्हॅनमधून घेऊन हिंडेन. नाही मिळाला तर जातो बुवा. चार भिंतींत मला श्वास घेता येत नाही." अक्कानं हे ऐकलं आणि ती एवढंच म्हणाली, "आता गेलात तर मी दार उघडणार नाही." मी तिला ओळखतो. ती उगाच बोलत नाही. मला खरंच भीती वाटली.

आणि मग श्रावणात कानबाई, म्हणजे आमची खानदेशची देवी, आली. आमच्याकडे कानबाई बसायची म्हणजे घराला रंग लागलाच पाहिजे. अक्कानं पेंटर बोलावला आणि दोन खोल्यांबरोबर अंगणातल्या कॅराव्हॅनलाही रंग द्यायला सांगितलं. "हाई बी घरच शे ना!" हेही घरच आहे की, असं तिचं म्हणणं. झक्क पोपटी! पेंटरही असा कसबी की दांड्यावर बारीक खड्डे दिसले म्हणून त्यानं लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासून गुळगुळीत केलं आणि वर दोन हात मारले. ते खड्डे म्हणजे चेसिस नंबर होता.

हे कळलं कॅम्पच्या मैदानात. ट्रॅक्टरनं घर ओढत आणलं होतं, मी मुद्दाम धुळ्याहून गेलो होतो. इन्स्पेक्टर साहेबांनी दांड्यावरून बोट फिरवलं. "काका, नंबर कुठाय?" "मीच रंगवून घेतलं हो, माझ्याच हातानं घालवलं," म्हणून अक्का रडायलाच लागली. आणि साडू? मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगतो, ते मटकन खाली बसले. मातीत. हलेचनात. त्यांना असं बसलेलं बघून मला जास्त धडकी भरली.

अक्कानं पदरानं डोळे पुसले, बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि दांड्यापाशी मांडी घातली. एकेक आकडा टोकरू लागली. तिची पिन वाकली, मग शेजारच्या बायांनी आपापल्या बांगड्यांतल्या दिल्या. साहेबही भला माणूस. बाकीच्या गाड्या तपासून दर थोड्या वेळानं येऊन विचारायचा, "किती झाले, अक्का?" दुपार कलताना शेवटचा आकडा निघाला. साहेबांनी कागदाशी ताडून पाहिलं, मान हलवली आणि म्हणाले, "रंगाच्या रकान्यात पांढरा आहे. आता काय लिहू?" साडू मातीतूनच म्हणाले, "पोपटी लिहा साहेब. घरमालकिणीची पसंती आहे."

पोळ्याच्या आधी नंबर आला. मस्कतला नाही म्हणून कळवलं, अमळनेरच्या दोन खोल्यांना कुलूप लावलं आणि ड्रायव्हरसकट भाड्यानं घेतलेल्या ट्रॅक्टरमागं पोपटी घर बांधून दोघं तापीच्या काठाकाठानं निघाली. त्याला आता दोन महिने झाले. माझी बेल सकाळी वाजत नाही. परवा न राहवून मी अक्काला फोन लावला. मागं ट्रॅक्टरची धडधड ऐकू येत होती. विचारलं, "कुठं आहात?"

"घरमाच शे, भाऊ," ती म्हणाली. "आणि हे झोपलेत. कधीचे."

मी फोन ठेवला. बायकोनं चहा आणून दिला आणि "बसा ना," म्हणाली. पण मला काही बसवेना. कप हातात घेऊन मी उगाचच गच्चीवर गेलो.