मोटारीतला उंबरा

आत्याच्या घराचा उंबरा मी हाजीसाहेबांच्या मोटारीत बसवला, तेव्हा माझा हेतू चांगला होता.

सातवीत शाळा सोडून मी चंद्रपूरकडून जालन्याला आलो. तिथे मस्तगड भागात आत्याच्या यजमानांची, म्हणजे मामांची, सुतारकामाची शेड होती. त्यांनी मला ठेवून घेतलं, जेवू घातलं, रंधा धरायला शिकवलं. वीस वर्षांचा झालो तरी मी त्या घरात पाणीसुद्धा विचारून प्यायचो. परत पाठवतील ही धास्ती होती ना!

हाजीसाहेबांचं बियाण्यांचं दुकान. त्यांच्या वडिलांची जुनी मोटार होती. मुलीला निकाहनंतर त्याच मोटारीतून सासरी पाठवायचं त्यांनी ठरवलं. मोटार शेडवर आली. मामांनी तिच्या दारावर टिचकी मारली, तर आतून भुसा गळला.

"पत्रा म्हंजे नुसता सदरा हे," मामा मला म्हणाले. "आतली हाडं लाकडाची. समदी बदल. एकट्यानं कर. बघू, तुला काम येतं का."

(म्हणजे न आल्यास चंद्रपूर, हे मी मनातच जोडलं.)

महिनाभर जुना एकेक तुकडा समोर ठेवून मी नवा घडवला. फक्त मागच्या दाराखालची पट्टी राहिली. तिला जाड, मुरलेलं सागवान हवं होतं आणि वखारीतलं ओलं निघालं. तेवढ्यात परसात, पत्र्याखाली, मला हवं तसं लाकूड दिसलं. सागवानाच्या मुलखातला माणूस मी, बघताच ओळखलं. त्यावर लाल-पिवळ्या खुणा होत्या. मामा कापायच्या जागी गेरूने खूण करतात, म्हणून मी बरोबर खुणेवरच करवत चालवली. (मामा हळद कशाला वापरतील, असं वाटलं होतं. पण खाल्ल्या घरी फार प्रश्न विचारू नयेत.)

पट्टी बसली, वर पत्रा ठोकला, रंग झाला, मोटार परत गेली. निकाह दोन दिवसांवर आला आणि शुक्रवारी आत्या हळदीकुंकवाची वाटी घेऊन परसातून परत आली.

"माझा उंबरा कुठंय?"

दाराची चौकट बदलली तेव्हा तिने तो काढून ठेवला होता, पाडव्याला परत बसवायला. तेराव्या वर्षी माप ओलांडून ती त्यावरूनच घरात आली होती.

"हाजीसाहेबांकडं," मी म्हणालो.

"तिकडं कशाला गेल्ता?"

"मोटारीत आहे. मागच्या दाराखाली."

"अन् उरलेला?"

"चहाच्या चुलीत."

मामांनी रंधा उचलला. एकच फळी तासभर रंधत राहिले. फळीची पट्टी झाली, पट्टीची काडी. मी पिशवी भरली.

आत्या मात्र तडक हाजीसाहेबांकडे निघाली. मी मागे.

"दादा, तुमच्या गाडीत माझा उंबरा हे."

हाजीसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकलं. "बहन, निकाह होऊ द्या. मंग गाडी खोला, बिलकुल खोला."

आत्याने मोटारीभोवती एक फेरी मारली. दार उघडून पाहिलं. "न्हाई. बसलेला उंबरा उपटत न्हाईत. फकस्त त्याच्यावर कुणाचा पाय पडू देऊ नका."

"जुबान दिली," हाजीसाहेब म्हणाले.

जबान त्यांनी दिली, पण ती पाळायचं काम माझ्याकडे आलं. निकाहच्या दिवशी मी मोटारीच्या दाराशी उभा. नवरी अलगद ओलांडून गेली. नवरदेवही गेला. मग त्याचे फुफा, म्हणजे त्याच्या आत्याचे यजमान, आले. बियाण्यांच्या दोन पोत्यांएवढे, आणि गुडघे धरलेले. त्यांना आधी पाठमोरं बसवलं, मग एकेक पाय मी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.

"ये क्या रस्म है?" फुफांनी विचारलं.

"हमारे यहाँ का रिवाज है," हाजीसाहेब म्हणाले.

"कब से?"

"परसों से."

मोटार कुठेही न कुरकुरता निघून गेली. मी घरी येऊन पिशवी उचलली, तर आत्या दारात उभी.

"कुठं चाल्लास? घराला उंबरा न्हाई अन् हा निघाला. नवा बसवल्याबिगर हलायचं न्हाई."

म्हणजे बसवल्यावर हलायचं, असा मी अर्थ काढला.

उंबरा हे अर्ध्या दिवसाचं काम. मी पहिला जरा आखूड केला. दुसऱ्याला गाठ निघाली, ती मला पसंत पडेना. तिसरा नीट मुरावा म्हणून ठेवून दिला. असे चार महिने गेले. शेवटी एका सकाळी मामा रंधा खाली ठेवून म्हणाले, "बसव बाबा आता. न्हाई धाडत तुला कुठं. दाराखालून शेजाऱ्याच्या कोंबड्या घरात येऊन राह्यल्यात."

उंबरा मी तासाभरात बसवला. दोन कोंबड्या आतच राहिल्या.