परमुलखाची पसंती

अमेरिकेचा अध्यक्ष कोण व्हावा हे मुडबीला आमच्या ओट्यावर ठरलं, तेव्हा माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि माझ्या ट्रंकेत एक फॉर्म घडी घालून ठेवलेला होता. फॉर्म गुलबर्ग्याच्या मास्तरणीच्या ट्रेनिंगचा. मी उदगीरची, मॅट्रिक झालेली. मालक गुलबर्ग्यातच सरकारी कचेरीत कारकून; भाड्याच्या खोलीत राहायचे आणि स्वतःच्या हातचा करपलेला भात खायचे. मी गेले असते तर त्यांच्या पोटाची सोय झाली असती आणि माझ्या नोकरीचीही. अडलं होतं सासऱ्यांच्या सहीपाशी. मालकांनी एकदा दबकत विषय काढला, तर मामंजी म्हणाले, पाहू. त्या पाहूला दीड वर्ष झालं होतं, आणि यंदाची शेवटची तारीख दिवाळीनंतर आठवड्यातच होती.

माझा भाऊ उदगीरला मास्तर. त्यानं मामंजींना दोन पत्रं टाकून पाहिली: मुलगी हुशार आहे, काळ बदललाय, शिकू द्या. पत्रागणिक मामंजींचं पाहू आणखी लांबायचं. भाषावार राज्यांची सरहद्द पडली तेव्हा उदगीर पल्याड गेलं आणि मुडबी अल्याड म्हैसूर राज्यात आली. काल-परवापर्यंत एकाच निजामाच्या अमलाखाली राहिलेली माणसं एकमेकांना परमुलखातली म्हणायला लागली होती. माझा स्वभाव तापट, पण सासरी तो पदराखाली झाकलेला. मामंजींशी मी दोन वर्षांत "हो" आणि "आणते" याच्यापुढं काही बोलले नव्हते.

मामंजी गावचे चेरमन. पंचायतीला अजून इमारत नव्हती, म्हणून ती आमच्या ओट्यावर भरायची. दुपारच्या गाडीनं आमच्या तालुक्याच्या कल्याणहून सोलापूरचा पेपर आला की मामंजी तो सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवीत. त्या वर्षी अमेरिकेच्या निवडणुकीनं गावाला याड लावलं. दोघं उमेदवार. त्यातल्या एकाचा गाईच्या पाठीवर हात ठेवलेला फोटो छापून आला, आणि मामंजींनी त्याच दिवशी निकाल देऊन टाकला, की हा आपला माणूस. मग सारा ओटा गाईवाल्याचा झाला. ज्यांना अमेरिका कुठल्या दिशेला आहे हे ठाऊक नव्हतं तेही पेपरची वाट बघत फाट्यावर जाऊन उभे राहायला लागले. आत भाकरी थापताना माझेही कान बाहेरच असायचे.

आणि एक दिवस ती बातमी आली. गाईवाला भाषणात म्हणाला होता की परदेशांतल्या पुढाऱ्यांना मीच निवडून यायला हवा आहे. दुसऱ्यानं लगेच धरलं, कोण पुढारी? नावं सांगा. गाईवाला काही नावं सांगेना.

मामंजींनी पेपर मांडीवर ठेवला. म्हणाले, आपण अमेरिकेला परदेशच ना? आणि आपण पुढारीच ना? मग आपली नावं द्यायला काय हरकत आहे? ओट्यावर जो काही गिल्ला झाला तो सांगता सोय नाही. नावं पाहिजेत ना, घ्या म्हणावं नावं. विमानाच्या पाकिटासाठी लगोलग माणूस कल्याणला धाडला. पण पत्र लिहिणार कोण? मामंजी शाळेत उर्दू शिकलेले, मराठी वाचण्यापुरती, कन्नड बाजारापुरतं, इंग्रजीच्या नावानं सगळ्यांचीच बोंब. तेव्हा मला आतून बाहेर बोलावणं आलं. डोक्यावर पदर घेऊन मी उंबऱ्याशी बसले. हातात दौत-टाक. चेरमनची सून पंचायतीत बसली, असं मुडबीत आधी कधी घडलं नव्हतं.

मी लिहिलं, "वुई, दि फॉरिन लीडर्स ऑफ मुडबी." वाचून अर्थ सांगितला तेव्हा सगळे ताठ बसले. मामंजींनी उर्दूत सही केली, पंचायतीचा कन्नड शिक्का मारला. मग पत्र अंगठ्यासाठी अक्कापुढं गेलं. अक्का म्हणजे बायकांच्या राखीव जागेवरची पंच. विधवा बाई, घरात कन्नड बोलायची, बाहेर आमची मराठी. पंचायतीत कधी तोंड उघडायची नाही, दाखवतील तिथं अंगठा द्यायची. त्या दिवशी तिनं अंगठ्याला शाई लावली आणि हात तसाच वर धरून ठेवला.

"अण्णा, मागच्या विलेक्शनला तुमचा मेव्हणा जीप घिऊन आलता, ध्यानात हाय का?" तिनं मामंजींना विचारलं.

ते सगळ्यांच्याच ध्यानात होतं. मामंजींचे मेव्हणे पल्याडचे मोठे पुढारी. जीपवर कर्णा लावून ते दिवसभर गावात फिरले होते, आमच्या भावजींनाच निवडून द्या म्हणून. लोक बिथरले. आपला चेरमन परमुलखातल्यांनी ठरवायचा काय? मामंजी जेमतेम वाचले, आणि पुढं वर्षभर मेव्हण्यांचं नाव घरात निघालं नाही.

"तुमी गाईवाल्याच्या दारी जीप धाडायलात," अक्का म्हणाली.

मामंजींचा चेहरा पडला. वाटलं, आता बाईवर खेकसतील. पण ते विचारात पडले, आणि हळूहळू त्यांच्या मिशीखाली हसू यायला लागलं. मांडीवर थाप मारून ते म्हणाले, "खरं हाय अक्काचं. बाहेरचा सांगायला लागला की घरचा अडून बसतो. सूनबाई, फाड ते. दुसऱ्याला लिही, आमाला तूच पायजेस म्हणून."

ओट्यावर हशा पिकला. ज्याला पाडायचं त्यालाच पाठिंबा! मी नवं पत्र लिहिलं, अक्कानं मोठ्या समाधानानं अंगठा दिला. उमेदवाराचा पत्ता कुणालाच ठाऊक नव्हता, तेव्हा नुसतं व्हाईट हाऊस, अमेरिका असं घातलं. अमेरिकेच्या पोस्टमनला कळायला पाहिजे, असं मामंजींचं म्हणणं पडलं.

माझं मात्र लिहिण्यात लक्ष नव्हतं. बाहेरचा सांगायला लागला की घरचा अडून बसतो. अगं बाई, दीड वर्ष माझ्या घरात हेच तर चाललं होतं! त्याच दुपारी त्याच टाकानं मी भावाला कार्ड लिहिलं: तिसरं पत्र टाक, पण उलटं. हिला ट्रेनिंगला पाठवू नका म्हणावं.

दिवाळी आली नि गेली. लाडू वळताना मी तारखा मोजत होते. निकालाच्या दिवशी, फॉर्मच्या तारखेला चारच दिवस उरले असताना, सकाळपासून लोक रेडिओला चिकटून बसले होते. गाईवाला जिंकला. गावात गूळ वाटला, कुणी तरी हलगी आणली, आणि आपल्या पत्रानंच दुसरा पडला याबद्दल एकाच्याही मनात शंका उरली नाही. मामंजींचे पाय जमिनीवर नव्हते. त्याच दिवशी दुपारच्या गाडीनं भावाचं पत्र आलं, आणि पेपरच्या सवयीनं मामंजींनी ते ओट्यावर मोठ्यानंच वाचायला घेतलं. आमची मुलगी धांदरट आहे. तिला ट्रेनिंग झेपणार नाही. आपण तिला पाठवू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

धांदरट लिहायला मी त्याला सांगितलं नव्हतं. दाराआड उभी राहून मी दातओठ खात होते.

मामंजींनी पत्राची घडी घातली. आमच्या सुनेला काय झेपतं ते उदगीरवाले ठरवणार काय, म्हणून गरजले आणि फॉर्म मागवला. मी धावत जाऊन ट्रंक उघडली. फॉर्म त्यांच्यापुढं ठेवला, दौत ठेवली. त्यांनी चष्मा लावला, टाक बुडवला आणि थांबले. आवाज खाली आणून, मला एकटीलाच ऐकू येईल असं बोलले.

"युक्ती माझी, आन माझ्यावरच चालवायलीस व्हय?"

मी पदर आणखी पुढं ओढला.

"भावाची तीन पत्रं आली. पोरगा येकदा बोलून गेला. तुला जायचंय का न्हाई, हे तुझ्या तोंडून मी येकदाबी ऐकलं न्हाई. कामून?"

भीती वाटायची, हे खरं होतं. पण त्याहून खरं हे होतं की मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. भावाला पुढं केलं, नवऱ्याला पुढं केलं, आणि दाराआड उभी राहून यांचाच राग राग केला. बाहेर हलगी वाजत होती. टाकाच्या टोकावर शाईचा थेंब जमला होता, तो आता फॉर्मवर पडेल की काय, असं वाटत होतं.

"मला जायचंय, मामंजी," मी म्हणाले. आवाज माझ्या अंदाजापेक्षा मोठा निघाला. हलगीवाला थांबला. ओट्यावरची सगळी डोकी माझ्याकडं वळली. मी मान खाली घातली नाही. "मला शिकायचंय. मला मास्तरीण व्हायचंय."

"मग आसं बोल की," ते म्हणाले, आणि सही केली.