पाऊण तासाचं पाणी

समुद्राच्या बंधाऱ्यावर चढलं की समोर आमलँड बेट दिसतं. बोटीनं पाऊण तास. माझ्या शेजारणीची, तित्स्केची, धाकटी बहीण बाउक्ये तिथं राहते. तरी सहा वर्षांत तित्स्के एकदाही तिकडे गेली नव्हती.

त्या सहा वर्षांच्या सुरुवातीला तिच्या नवऱ्याचा, वीबेचा, खांदा निकामी झाला, तेव्हा त्यांनी गोठ्यात दूध काढणारा रोबो बसवला. गाय आपणहून आत शिरते, यंत्राचा हात कॅमेऱ्यानं सड शोधतो आणि कप लावतो. आता आपण सुटलो, असं वीबे तेव्हा सगळ्यांना सांगत होता. पहाटेचं उठणं सुटलं खरं. पण यंत्र अडलं की तित्स्केचा फोन वाजतो आणि सत्तर गाई तटून राहतात. केस कापायला बसली तरी फोन मांडीवर. चर्चमध्ये जागा दाराजवळची. वीस मिनिटांत घर गाठता येईल, तेवढंच तिचं जग उरलं.

मग एका मे महिन्यात बाउक्येला पन्नास वर्षं पूर्ण झाली. या खेपेला सबब चालणार नाही, असं तिनं बजावलं. वीबेनंही आग्रह धरला. मीच तित्स्केला धक्क्यावर सोडलं. पुढचं तिनंच मला सांगितलं.

बोट निम्म्यावर असताना फोन वाजला. यंत्र थांबलं होतं. तिनं लगेच वीबेला फोनवर गाठलं.

"कॅमेऱ्यावर शेण उडालंय का बघ."

"उडालंय."

"ओल्या फडक्यानं पूस. कोरड्यानं काच ओरखडते."

"चाळीस वर्षं गाई सांभाळतोय मी, तित्स्के. काच पुसता येते मला."

चार मिनिटांत यंत्र सुरू झालं.

बाउक्येच्या अंगणात, पन्नाशी गाठलेल्या बाईसाठी इकडे बसवतात तशी, पेंढ्याची बाहुली बसवली होती. पाहुणे गोल बसून कॉफी घेत होते. तित्स्केच्या एका हातात केकची बशी आणि दुसऱ्या हातात फोन. कुठली गाय दूध देऊन गेली, कुठली राहिली, ती यादी ती सारखी बघत होती. बाउक्येनं बराच वेळ पाहिलं.

"अगं, तू आलीयस, की नुसता तुझा कोट आलाय?"

तित्स्केला हसू आलं नाही. तिनं दुपारची बोट पकडली.

मी तिला घरी आणलं, तेव्हा वीबे अंगणात उभा होता. संध्याकाळी उशिरा येणार होतीस ना, असं त्यानं विचारलं. मग म्हणाला, "भरवसा यंत्रावर नाही तुझा, की माझ्यावर?"

"खरंच माहीत नाही रे," ती म्हणाली.

तो घरात गेला. ती तशीच, चांगल्या बुटांनिशी, गोठ्यात शिरली. यंत्र चालू होतं. गाई रवंथ करत होत्या. एकीनंही मान वर केली नाही. करण्यासारखं काहीच नव्हतं, तरी ती तासभर तिथं उभी राहिली.

याला तीन वर्षं झाली. आता बाउक्येच इकडे येते.